छापील पुस्तक, ऑनलाइन मॅन्युअल आणि एक्सपायरीची यादी

गोव्यातल्या फोंड्यात एका औषध वितरकाकडे मी साठ्याचे आणि हिशेबाचे काम पाहतो. कोणत्या औषधाची कोणती बॅच कोणत्या दुकानाला गेली, तिची मुदत कधी संपते आणि त्याआधी किती माल परत मागवावा लागेल, याची यादी दर महिन्याला करावी लागते. बिलांच्या सॉफ्टवेअरमधून ही माहिती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलच्या रूपाने बाहेर काढता येते. त्यापुढचे सगळे आम्ही एक्सेलमध्ये हाताने करत असू. हे हाताचे काम कमी करावे एवढ्याच हेतूने, चाळिशी उलटल्यावर, मी पायथन ही संगणकभाषा शिकायला घेतली. पदवी वाणिज्य शाखेची, प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून; प्रोग्रामिंगशी माझा तोवर काडीचाही संबंध आलेला नव्हता. छापील पुस्तकावरून शिकावे की इंटरनेटवरील मॅन्युअलवरून, असा प्रश्न पडल्यावर मी दोन्ही मार्ग वापरले. ज्याचा जिथे उपयोग होईल असे वाटले होते तिथे तो झाला नाही आणि भलतीकडेच झाला, म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवात मॅन्युअलने झाली, कारण भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि त्याच्या मते दुसरा पर्यायच नव्हता. ‘मामा, भाषा बनवणाऱ्यांनी स्वतः लिहिलेली माहिती फुकट मिळते, मग पुस्तकाला पैसे कशाला घालतोस?’ हा त्याचा युक्तिवाद होता आणि तो खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर खरोखरच सगळे आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी ‘ट्यूटोरियल’, बरोबर येणाऱ्या सर्व मॉड्यूलांची (तयार कोडच्या संचांची) माहिती देणारा ‘लायब्ररी रेफरन्स’, भाषेचे नियम काटेकोरपणे सांगणारा ‘लँग्वेज रेफरन्स’, आणि एकेका विषयावरची ‘हाऊ-टू’ प्रकरणे. लायब्ररी रेफरन्सची पीडीएफ उतरवून घेतली तर ती २००० पानांच्या घरात जाते.

मी ट्यूटोरियलपासून सुरुवात केली. त्याची भाषा सोपी आहे, वाक्ये छोटी आहेत, उदाहरणे चालतात. तरीही तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात माझी गाडी अडली, आणि कारण बऱ्याच उशिरा लक्षात आले. हे ट्यूटोरियल पायथन नव्याने शिकणाऱ्यासाठी आहे, पण तो वाचक आधी दुसरी एखादी भाषा शिकून आलेला असेल असे ते गृहीत धरते. आता तर त्याच्या आरंभीच तशी स्पष्ट सूचना छापलेली दिसते. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कशासाठी हवा, फंक्शनने उत्तर ‘परत देणे’ आणि पडद्यावर ‘दाखवणे’ यांत फरक काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पायथन त्या गोष्टी कशा लिहितो एवढेच सांगणे पुरते. मला नेमके आधीचेच ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण मॅन्युअलच्या परिपूर्णतेचीच होती. फाइल उघडण्यासाठी ‘ओपन’ नावाचे फंक्शन आहे. मला फक्त फाइल उघडून तिच्यातल्या ओळी वाचायच्या होत्या. लायब्ररी रेफरन्समध्ये या फंक्शनला आठ पॅरामीटर (त्याला पुरवायच्या माहितीच्या जागा) दिलेले आहेत: फाइलचे नाव, मोड, बफरिंग, एन्कोडिंग, एरर्स, न्यूलाइन, आणि शेवटचे दोन तर असे की ते मला आजपर्यंत एकदाही वापरावे लागलेले नाहीत. यातले पहिले दोन पुरेसे आहेत आणि बाकीचे आज विसरून गेलात तरी चालेल, असे तिथे कोणी सांगत नाही. सांगणे हे त्या पानाचे कामही नव्हे. शिवाय प्रत्येक अवघड शब्दाखाली दुवा असतो. एन्कोडिंग म्हणजे काय ते पाहायला त्यावर टिचकी मारली, तिथून कोडेक्स नावाच्या मॉड्यूलवर गेलो, तिथून युनिकोडच्या (सर्व लिप्यांतील अक्षरांना आकडे देणाऱ्या प्रमाणाच्या) हाऊ-टूवर, आणि रात्रीच्या जेवणाची हाक आली तेव्हा मूळ फाइल उघडायची राहूनच गेलेली होती.

म्हणून पणजीला कामासाठी गेलो असता पाटोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात शिरलो. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था आता प्रशस्त, अनेकमजली इमारतीत आहे आणि बसस्थानकावरून चालत जाता येते, हे फोंड्याहून येणाऱ्याला सोयीचे. ड्यूई वर्गीकरणात संगणकभाषांना ००५.१३३ हा क्रमांक आहे; त्याच्या आसपास चाळताना पायथनवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. ते पायथन २ वर आधारलेले होते. पायथनची पहिली आवृत्ती गिदो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली, दुसरी २००० साली आली आणि तिसरी २००८ च्या डिसेंबरात. तिसऱ्या आवृत्तीत मुद्दामच असे बदल केले गेले की जुना कोड जसाच्या तसा चालू नये. पडद्यावर काही दाखवण्याच्या ‘प्रिंट’ला पूर्वी कंस लागत नसत, आता ते फंक्शन झाल्यामुळे कंस अनिवार्य झाले. ७ ला २ ने भागले तर पूर्वी ३ उत्तर येत असे, आता साडेतीन येते. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२० च्या आरंभी अधिकृतपणे थांबवण्यात आली. माझ्याआधी हे पुस्तक नेणाऱ्या कोणा वाचकाने प्रत्येक ‘प्रिंट’च्या पुढे पेन्सिलने कंस घातलेले होते. हे कंस तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यापर्यंत आहेत, पुढे नाहीत. त्या वाचकाने नाद सोडला की कंस मनातल्या मनात घालण्याची त्याला सवय झाली, ते कळायला मार्ग नाही.

आवृत्ती जुनी असूनही मला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारी रचना, समजला तो याच पुस्तकातून. त्यामागचे कारण मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवले. पुस्तक लिहिणाऱ्याला पाने मोजकी असतात, त्यामुळे काय सांगायचे यापेक्षा काय गाळायचे याचा निर्णय त्याला आधी घ्यावा लागतो. ‘ओपन’ची दोनच पॅरामीटर त्याने सांगितली होती आणि बाकीची आहेत याचा उल्लेखही केलेला नव्हता. एन्कोडिंग (अक्षरे फाइलीत कशी साठवायची ते) शेवटच्या भागात ढकलले होते. पाचव्या प्रकरणात सहाव्यातले काहीही लागत नव्हते. शिकणाऱ्याला एकेक पाऊल उचलता यावे म्हणून कोणीतरी त्याच्या अज्ञानाचा अंदाज घेऊन रस्ता आखला आहे, हा दिलासा मॅन्युअलमध्ये मला कधी मिळाला नाही. फोंडा ते पणजी बस म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे करत जाते. त्या वेळात एक प्रकरण संथपणे वाचून होत असे आणि पुढे टिचकी मारण्यासारखे काही नसल्यामुळे ते पूर्णही होत असे.

कागदावरून शिकण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे प्रत्येक ओळ स्वतः टाइप करावी लागते. ऑनलाइन मॅन्युअलमध्ये उदाहरणाच्या कोपऱ्यातले बटण दाबले की कोड उचलता येतो, तो चालतो, आणि चालल्याचे समाधान घेऊन माणूस पुढे जातो. टाइप करताना मात्र ‘इफ’च्या शेवटी अपूर्णविराम राहतो, चौथ्या ओळीची मोकळी जागा तिसरीशी जुळत नाही, आणि पायथन लगेच तक्रार करतो. या तक्रारींमधूनच भाषेचे व्याकरण माझ्या बोटांत बसले. अर्थात कागदाला इथेच एक खोटही आहे आणि ती खास पायथनची आहे. या भाषेत कोणती ओळ लूपच्या आत आणि कोणती बाहेर हे केवळ डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरते. एखादे उदाहरण पानाच्या तळाशी तुटून उलट्या पानावर पुढे गेले की वरच्या ओळी किती आत होत्या हे नजरेने जुळवता येत नाही. अशाच एका तुटलेल्या उदाहरणातली बेरीज छापणारी शेवटची ओळ लूपच्या आत आहे की बाहेर, हे मला दोन्ही प्रकारे चालवून पाहून ठरवावे लागले. पुस्तकांच्या मांडणीकारांनी निदान पायथनसाठी तरी उदाहरणे एकाच पानावर राहतील एवढे पाहावे.

पुढे मी पायथन ३ वरचे नवे पुस्तक विकत घेतले, आणि ते टेबलावर उघडे ठेवून प्रत्यक्ष यादीच्या कामाला लागलो. इथून पारडे फिरू लागले. जुन्या पुस्तकात सीएसव्ही फाइल लिहिण्यासाठी ती ‘डब्ल्यूबी’ म्हणजे बायनरी मोडमध्ये उघडा असे सांगितले होते, आणि पायथन २ पुरते ते बरोबर होते. पायथन ३ मध्ये तसे केले तर बाइट्स हवे होते, अक्षरे दिलीत, अशा अर्थाची एरर येते. नव्या पुस्तकात साधा ‘डब्ल्यू’ मोड सांगितला होता. त्याने एरर गेली, पण एक्सेलमध्ये उघडलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसू लागली. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत सीएसव्हीची पाने दिलेली होती, तीही सगळी वाचली. कोऱ्या ओळींबद्दल चकार शब्द नाही. लेखकाने बहुधा मॅकवर काम केले असावे, कारण हा प्रकार विंडोजवरच घडतो. सीएसव्ही मॉड्यूल ओळ संपवताना दोन खुणा लिहिते आणि विंडोजवर मजकूर म्हणून उघडलेली फाइल त्यातल्या एका खुणेच्या पुन्हा दोन करते. उपाय मॅन्युअलमध्ये आहे: फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ या पॅरामीटरला रिकामे अवतरण द्यावे. सीएसव्हीच्या पानावरील प्रत्येक उदाहरणात ते दिलेले आहे आणि कारण तळटिपेत आहे. ज्या आठ पॅरामीटरांना पाहून मी एकदा माघार घेतली होती, त्यांतलेच हे एक.

त्याच सुमारास शोधण्याच्या रीतीतला फरकही ध्यानात आला. पुस्तकाची सूची विषयाच्या नावावरून शोधू देते, आणि अडलेल्या माणसाला विषयाचे नावच तर माहीत नसते. संगणकाने दाखवलेली एरर मात्र त्याच्यासमोर शब्दशः असते. ती जशीच्या तशी शोधखिडकीत घातली की त्याच दगडाला ठेचाळलेले शेकडो लोक भेटतात. त्यांतले निम्मे पायथन २ बद्दल बोलत असतात, हे खरे. म्हणून उत्तर कुठेही मिळाले तरी शेवटी अधिकृत मॅन्युअलचेच पान उघडायचे, वरच्या कोपऱ्यातील आवृत्तीचा आकडा आपल्या संगणकावरच्या पायथनशी जुळतो का ते पाहायचे, आणि मगच ओळ लिहायची, असा शिरस्ता मी ठेवला. एखादी सोय कोणत्या आवृत्तीत आली किंवा बदलली याची बारीक ओळ मॅन्युअल जागच्या जागी देते. ही सोय छापील पुस्तकाला कशी देता येणार?

मुदतीच्या हिशेबाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. औषधाच्या पट्टीवर बहुतेक वेळा महिना आणि वर्ष एवढेच असते, समजा ०८/२०२५. याचा व्यवहारातला अर्थ असा की औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालते. पायथनचे डेटटाइम मॉड्यूल ही अक्षरे तारखेत बदलून देते, पण दिवस दिलेला नसल्यामुळे ते १ ऑगस्ट धरते. म्हणजे संपूर्ण महिनाभर विकता येईल असा माल ‘एक्सपायर्ड’ म्हणून यादीत आला असता. महिन्याचा शेवटचा दिवस कसा काढावा हे माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हते. लायब्ररी रेफरन्समध्ये कॅलेंडर नावाच्या मॉड्यूलात ‘मंथरेंज’ हे फंक्शन आहे आणि त्याची माहिती अवघ्या एका वाक्यात संपते: महिन्याच्या पहिल्या दिवसाचा वार आणि महिन्यातील दिवसांची संख्या परत मिळते. ऑगस्ट २०२५ साठी शुक्रवार, म्हणजे सोमवारला शून्य धरून ४, आणि ३१. लीप वर्षाचा फेब्रुवारीही ते बिनचूक सांभाळते. हे एक वाक्य वाचून मी लगेच कोड लिहू शकलो, कारण दोन गोष्टी एकत्र परत मिळतात तेव्हा त्या टपलमध्ये, म्हणजे शून्यापासून क्रमांक दिलेल्या एका संचात, असतात आणि टपलमधला दुसरा घटक काढायला कंसात १ लिहावा लागतो, हे ग्रंथालयातल्या त्या जुन्या पुस्तकाने माझ्याकडून घोटून घेतले होते. तेच वाक्य मी पहिल्या आठवड्यात वाचले असते तर पान मिटून टाकले असते. तारखांच्या खुणांची मोठी सारणी मात्र, जिच्यात महिन्याला लहान ‘एम’ आणि मिनिटांना मोठा ‘एम’ लागतो, मी छापून घेतली आहे. अशी कोष्टके पडद्यावर वर-खाली करत पाहण्याची नव्हेत.

देवनागरीच्या बाबतीत पुस्तकांनी अगदीच निराशा केली. माल पोचवणाऱ्या गाडीवाल्यांसाठी दुकानांची यादी मराठीत द्यावी असे मालकांचे म्हणणे होते. आमच्या भागात दुकानांना शांतादुर्गा, महालसा, नागेश अशी देवांची नावे पुष्कळ, आणि रोमन लिपीत ती प्रत्येक जण वेगळी लिहितो, तेव्हा म्हणणे रास्त होते. विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर पायथन तिथली जुनी स्थानिक पद्धत वापरतो, तिच्यात देवनागरीला जागा नाही, आणि पहिल्याच नावावर एरर येते. यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगितले तर फाइल लिहिली जाते, पण दोनदा टिचकी मारून ती उघडताना एक्सेल नावांच्या जागी चमत्कारिक चिन्हे दाखवते. फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण घालणारे ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग वापरले की दोन्ही प्रश्न सुटतात, आणि त्याचा उल्लेख कोडेक्सच्या पानावर खूप खाली आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत करायचे ठरलेले आहे, त्यामुळे यातला अर्धा त्रास पुढच्यांना होणार नाही. ‘फोंडा’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो, कारण ओकार, अनुस्वार आणि काना यांना तो स्वतंत्र मोजतो, हेही मला ऑनलाइनच उमगले. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

एवढ्यावरून छापील पुस्तके लगेच कालबाह्य होतात असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. ते भाषेवर अवलंबून आहे. भाच्याला पहिल्या वर्षी सी भाषा होती, आणि तिच्यावरचे १९८८ सालचे पुस्तक आजही कामाचे आहे, कारण १९८९ च्या प्रमाणीकरणानंतर सी फार सावकाश बदलली. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरात येते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी मी आता दुसऱ्या पानावरचे वर्ष, ‘प्रिंट’चे कंस आणि शेवटची सूची या तीन जागा पाहतो, पण सीच्या पुस्तकासाठी यातल्या पहिल्या दोन पाहण्याची गरज नाही.

पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, म्हणून संपूर्ण मॅन्युअल एचटीएमएलच्या स्वरूपात उतरवून ठेवले आहे. अधिकृत स्थळावर तशी सोय आहे, पीडीएफ आणि ई-पब हेही मिळतात. पुस्तकाला विजेची पर्वा नसते असे कोणी म्हणेल, पण जुलैच्या दमटपणात त्याच्या कव्हरवर धरणारी बुरशी ज्याने पुसली आहे तो फारसे कौतुक करणार नाही. आणि ई-पुस्तकाच्या पीडीएफमधून कोड उचलू नये एवढे सांगून ठेवतो: त्यातली सुंदर वळणदार अवतरणचिन्हे पायथनला मान्य नसतात.

यादी आता दर महिन्याला आपोआप तयार होते, आणि शेजारच्या टेबलावरील सहकारी बाईंनीही पायथन शिकण्याची इच्छा दाखवली आहे. त्यांना मी माझे नवे पुस्तक दिले आणि पहिली आठ प्रकरणे होईपर्यंत मॅन्युअल उघडू नका असे सांगितले. भाच्याला हा सल्ला मागासलेला वाटतो. आमचा त्याच्यावरचा वाद मिटलेला नाही, पण सध्या त्याला मी दुसऱ्याच कामाला लावले आहे. गाडीवाल्यांच्या यादीत दुकानांची नावे वर्णानुक्रमाने हवीत, आणि पायथन ती युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो, ‘क्ष’ हा ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये मिसळतो, आपल्या वर्णमालेत मात्र ही तिन्ही अक्षरे ‘ह’नंतर असतात. पुस्तकांत यावर काही नाही. मॅन्युअलमधील क्रम लावण्याविषयीचे हाऊ-टू लोकेल (त्या त्या भाषेचे नियम लावणाऱ्या) मॉड्यूलकडे बोट दाखवून थांबते. तुलनेपुरती ही अक्षरे ‘ह’च्या पुढे नेणारे एक छोटे फंक्शन आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे आणि ते चालते, अनुस्वाराचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे.